दोन रेघांची पुंगळी

१

निवडणूक लागली की आंबागडात काही गोष्टी ठरलेल्या. भिंतींवरचे फलक कागदानं झाकले जातात, वर्षभर तोंड फिरवून जाणारी माणसं हात जोडायला लागतात, आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. रानडुकरांपासून धान राखायला परवाना मिळालेले आठ-नऊ शेतकरी आसपासच्या गावांत होते. बंदूक ठाण्यात गेली की ते तिची रिकामी पितळी काडतुसं पिशवीत घालून केशवरावांच्या ओट्यावर आणून ठेवत. तेवढ्यात धुऊन होतील, हा त्यामागचा हिशेब.

केशवराव एकतीस वर्षं पोलिसांत आर्मोरर, म्हणजे बंदुका राखणारे-दुरुस्त करणारे, होते. बंदूक कुणी चालवायची ते साहेब ठरवत. ती चालेल की नाही ते केशवराव ठरवत. निवृत्त झाल्यावर दुरुस्तीचा आणि काडतुसं भरण्याचा परवाना काढून ते गावी, किल्ल्याच्या पायथ्याशी घर बांधून राहिले. प्लॅस्टिकची काडतुसं एकदा उडवली की संपली. पितळेचं मात्र वर्षानुवर्षं पुन्हा भरता येतं, फक्त ते धुता आलं पाहिजे. रिकाम्या काडतुसाला ते पुंगळी म्हणत, आणि पुंगळी धुण्याच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

आधी बुडातली टोपी टोचणीनं ठोकून काढायची. टोपी म्हणजे घोड्याचा ठोका खाऊन पेट घेणारी छोटीशी वाटी. मग चिंचेच्या कोमट पाण्यात अर्धा तास. अर्धा म्हणजे अर्धा. जास्त ठेवली तर पितळ तांबूस पडतं. राख लावायची नाही, रेतीचं तर नावही काढायचं नाही. आतून बाटलीचा ब्रश फिरवायचा, दोन पाण्यांनी धुवायचं, सुपात पसरून उन्हात ठेवायचं. शेवटी ड्रम. तो त्यांनी जुन्या कूलरच्या मोटरवर स्वतः बसवला होता. राइस मिलमधून आणलेला धानाचा भुसा अर्ध्यापर्यंत भरायचा, पुंगळ्या टाकायच्या आणि दोन तास फिरवायचं. त्या भुशाच्या रगडीनं पितळेला जी झळाळी येते, ती बाजारातल्या कुठल्याही पावडरीनं येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

बाहेर काढलेली प्रत्येक पुंगळी मग खिडकीपाशी न्यायची आणि तोंडाकडून डोळा लावून आरपार बघायची. बुडाच्या भोकातून उजेडाचा गोल, स्वच्छ ठिपका दिसला म्हणजे पास.

एका बंदुकीत फुगलेली पुंगळी दुसरीत नीट बसत नाही, म्हणून प्रत्येकाची खूण निराळी. शेजारच्या डोमाची फुली. केशवरावांच्या मुलाची, सुगतची, दोन रेघा. सुगतची एकनळी बंदूक मुळात केशवरावांचीच. मागच्या वर्षी त्यांनी ती रीतसर त्याच्या नावावर करून दिली होती.

सोमवारी त्यांनी सुगतच्या बारा पुंगळ्या ड्रममध्ये घातल्या. दोन तासांनी मोटर बंद करून भुसा चाळला. अकरा झळझळीत निघाल्या. बारावी तोंडापाशी काळी होती.

उचलली तर बोट भाजलं. भुशात फिरून पुंगळ्या कोमट होतात, हे खरं; ही गरम होती. तिला बारुदाचा वास येत होता, नुकत्याच उडालेल्या बाराचा. केशवरावांनी ती उलटी केली. बुडात टोपी होती आणि टोपीवर ठोका होता.

म्हणजे टोपी काढायची राहिली आणि न धुताच ती आत गेली, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सत्तरीला टेकलेल्या माणसाकडून एवढं व्हायचंच. पण सकाळी काढलेल्या टोप्या डब्याच्या झाकणात पडलेल्या होत्या. त्यांनी मोजल्या. बारा भरल्या. हातातली तेरावी होती.

"जेवाले येता ना?" आतून त्यांच्या बायकोनं, मंगलाबाईनं विचारलं.

"आलो," केशवराव म्हणाले. तेरावी टोपीही ठोकून काढली, खिशात टाकली आणि जेवायला गेले.

२

मंगळवारी त्याच बारा पुन्हा धुऊन ड्रममध्ये घातल्या, आणि तेच झालं. अकरा चकचकीत, एक काळी आणि गरम.

केशवराव घाबरले नाहीत, त्यांना राग आला. आयुष्यभर ज्या कामात कुणी बोट ठेवू शकलं नाही, त्यात कुणीतरी खोडी काढत होतं. त्यांनी भिंग काढलं, कालची आणि आजची टोपी शेजारी ठेवली आणि खिडकीपाशी बसले.

बंदुकीच्या घोड्याचा ठोका म्हणजे तिची सही. सुगतच्या बंदुकीची पिन किंचित डावीकडे बसते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? तीस वर्षं ती बंदूक त्यांच्याच हातात होती. दोन्ही टोप्यांवरचा ठोका किंचित डावीकडे होता.

बंदूक तर ठाण्यात होती. पंधरा दिवस झाले होते. आख्ख्या तालुक्यात त्या घडीला परवान्याची एकही बंदूक कुणाच्या घरात नव्हती.

बुधवारी सकाळी ते ठाण्यात गेले. ठाण्याच्या नोंदी ठेवणारा मोहरीर तरुण होता, पण जुन्या आर्मोररला ओळखत होता.

"काका, निकाल लागल्याबिगर देता नाई येत."

"न्यायले नाई आलो. तेल सुटलं का पाह्यतो फक्त."

त्यानं कुलूप काढून दिलं. बंदूक रांगेत उभी होती, परवान्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी सुतळीनं बांधलेली. जमा करण्याआधी केशवरावांनी नळीच्या तोंडात तेलाचं फडकं कोंबलं होतं. ते तसंच होतं. त्यावर धूळ बसली होती, आणि कोळ्यानं फडक्यापासून शेजारच्या बंदुकीपर्यंत एक धागाही ओढला होता. त्यांनी नळीला नाक लावलं. गार लोखंड आणि शिळं तेल, बाकी काही नाही.

"ठीक हाय का काका?"

"ठीक हाय," केशवराव म्हणाले.

परतताना ऑटोत बसल्या बसल्या त्यांनी सगळ्या शक्यता पुन्हा मांडल्या. कुणी गंमत करत असेल तर त्यानं ही बंदूक, तीसुद्धा फडकं न काढता, ठाण्यात बसून उडवायला हवी. असा माणूस त्यांच्या ओळखीत नव्हता. उरली एकच शक्यता. आपल्याच डोक्यात काहीतरी बिघडायला लागलं आहे. चमत्कार असा की ही शक्यता सुचल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. डोक्याला औषध असतं.

३

त्या दुपारी ते ड्रमजवळून हललेच नाहीत. बारा पुंगळ्या एकेक करून तपासल्या, आरपार बघितल्या, आत टाकल्या. झाकणावर तारेचा पीळ दिला. खुर्ची ओढली आणि पाय ड्रमच्या चौकटीला टेकवून बसले.

भुशातल्या पितळेचा आवाज त्यांच्या सवयीचा होता. बारीक, एकसारखा. त्या आवाजावर ते रोज डुलकी काढत. आज डुलकी लागली नाही, म्हणून पहिल्यांदा तो आवाज नीट ऐकला गेला. तासाभरानं तो बदलला. भुशाची सळसळ तीच, पण तिच्यात मध्ये मध्ये खंड पडायला लागला. थोडी सळसळ, मग थांबणं. मग पुन्हा थोडी. कुणीतरी उभ्या धानातून दोन पावलं चालतं आणि कानोसा घेतं, तसं.

केशवरावांनी बटण बंद केलं. ड्रम थांबला.

आत सळसळ झाली. मग थांबली. मग आणखी एकदा, ड्रमच्या त्यांच्याकडच्या बाजूला.

"पट्टा घसरला का?" मंगलाबाई दारात येऊन उभी राहिली होती.

"अं? हो. पट्टा."

"चेहरा कसा झाला तुमचा! पानी देऊ?"

"कायले? जा तू."

ती गेल्यावर त्यांनी तार सोडली. भुसा सगळा जमिनीवर ओतला. काळी पुंगळी त्यांनी चिमट्यानं उचलली, कारण आता ती भाजते हे माहीत होतं. गार होईपर्यंत थांबले, टोपी ठोकून काढली, चिंचेच्या पाण्यात घातली, ब्रश फिरवला, दोन पाण्यांनी धुतली. हात सवयीनं चालत होते आणि तेवढाच त्यांना आधार होता. शेवटी खिडकीपाशी जाऊन पुंगळीच्या तोंडाला डोळा लावला.

भोक बंद होतं. बुडाला उजेडाच्या जागी काळं होतं.

त्यांनी तार घालून पाहिली. तार सहज आरपार गेली. पुन्हा डोळा लावला. काळं. मग त्या काळ्याच्या भोवती किंचित ओलसर चमक दिसली, आणि ते काळं क्षणभर मिटलं आणि उघडलं.

केशवरावांनी पुंगळी खाली घेतली नाही. तपासायला घेतलेली वस्तू पूर्ण तपासायची, ही एकतीस वर्षांची खोड. पलीकडे डोळा होता. तो त्यांच्याकडे बघत होता. बुबुळाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता.

पितळेत आपलंच प्रतिबिंब पडतं, असं त्यांनी ठरवलं. मग आरशापाशी जाऊन स्वतःचे दोन्ही डोळे बघितले. त्यांत कुठेही ठिपका नव्हता.

४

निकाल लागला, गुलाल उडाला, बंदुका सुटल्या. पुढच्या सोमवारी सुगत ठाण्यातून बंदूक घेऊन थेट बापाच्या कामाच्या खोलीत आला. बत्तीस वर्षांचा, उंच, बोलायला मोकळा. त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उशिरा पिकणारा भारी धान अजून उभा होता. कापायला आठेक दिवस होते. तेच आठ दिवस डुकरांचे.

"बाबा, चार तरी भरून द्या. डोमाकाकाची बांधी परवा पुरी लोळवली त्याईनं. आता आपल्याच बांधीवर येतीन."

"शुक्रवारी देतो."

"शुक्रवारी? काहून? धुऊन तर झाल्या दिसते सगळ्या."

"तपासाच्या आहेत."

"त्याच्यात का तपासाचं राह्यलं, द्या इकडे." सुगतनं ताटातली एक पुंगळी उचलली आणि लहानपणापासूनच्या आळशी सवयीप्रमाणे उलट्या बाजूनं, बुडाकडून, डोळ्याला लावली. पुंगळीचं तोंड केशवरावांच्या बाजूला होतं. हातभर अंतरावरून त्यांना तिच्या आत दिसलं.

लहानपणी मळणीच्या वेळी सुगतच्या उजव्या डोळ्यात धानाचं कुसळ गेलं होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं डोळा वाचवला, पण बुबुळाच्या कडेला पांढरा ठिपका राहिला. रोजच्या माणसाचा चेहरा आपण रोज कुठे बघतो? केशवराव वर्षानुवर्षं तो ठिपका विसरून गेले होते.

"साफ दिसते ना," सुगत म्हणाला. पापणी मिटली, उघडली.

"ठेव खाली!"

सुगतनं ठेवली. बापाचा आवाज एवढा चढलेला त्यानं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. "शुक्रवारी तर शुक्रवारी," तो म्हणाला. "पन बाबा, तब्येत बरी हाय ना तुमची?"

केशवरावांना तेव्हाच सांगता आलं असतं. सुगत, ही बंदूक उचलू नको, तुझ्या डोळ्याला धोका आहे, एवढंच. पण कसं सांगणार? मागे एकदा डोमाच्या कौलांवर दगड पडत होते तेव्हा गाव अंगारा आणायला निघालं होतं. केशवरावांनीच दगड टाकणारा हात पकडून दिला होता. विहारात दर पौर्णिमेला ते पोरांना सुनावत, "डोस्कं रिकामं ठेवलं का भूत भाड्यानं राह्यते." तोच माणूस आता मुलाला सांगणार, की पुंगळीच्या भोकातून मला तुझा डोळा दिसतो? त्यांना भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

खोटंही त्यांना बोलता येत नव्हतं. पितळ खराब झालं असं नुसतं म्हणावं, तर सुगत दाखवा म्हणणार. त्याला तपासायला त्यांनीच शिकवलं होतं. तलावात फेकून द्याव्यात, तर बाराच्या बारा कुठे गेल्या याचं उत्तर द्यावं लागणार. तेव्हा पितळ खरोखर खराब व्हायला हवं होतं. खोटं बोलायचं नव्हतं म्हणून त्यांनी खोटं घडवायचं ठरवलं.

केशवरावांचा एक नियम सांगायचा राहिला आहे. पितळ कधीही गोठ्यात न्यायचं नाही. गोमूत्राचा जो डोळ्यांत झोंबणारा वास असतो, तो पितळेला आतून खातो. नोकरीत असताना घोड्यांच्या पागेशेजारी ठेवलेली एक पेटी त्यांनी पाहिली होती. वरून सोन्यासारखी, आणि चिमटीत धरली की तडकलेली. या एका नियमापायी ते मंगलाबाईवर कितीदा ओरडले होते, त्याला गणती नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी सुगतच्या पुंगळ्या ओल्या पोत्यात बांधल्या आणि गोठ्यात, मुताच्या नालीवर, खुंटीला टांगल्या. शुक्रवारपर्यंत त्यांना भेगा पडतील. सुगतला भेगा दाखवायच्या, पितळ थकलं म्हणायचं, संपलं. पोत्यात बांधताना बारातली एक हातातून निसटून खोलीतच भुशात राहिली, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

५

गुरुवारी ते तुमसरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. ड्रम बंद ठेवल्यापासून काही झालं नव्हतं, त्यामुळे मन थाऱ्यावर आलं होतं. सगळं मोतीबिंदूवर ढकलता आलं तर बरं, असा आतून बेत होता.

डॉक्टरीणबाईनं थेंब घातले, हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ बघितलं. "काका, या वयात इतके चांगले डोळे मी महिन्यातून एखादे बघते," ती म्हणाली.

"मंग कधी कधी काही दिसते, ते का?"

"काय दिसतं?"

"काही नाई. ठिपका."

"काही नाही तिथे," ती हसून म्हणाली.

थेंबांमुळे दुपारभर उजेड सहन होईना, म्हणून ते बसस्टँडवर सावलीत बसून राहिले. चहा घेतला. सुगतच्या पोरीसाठी पाव किलो जिलेबी घेतली. उद्या शुक्रवार. उद्या भेगा दाखवल्या की पोरगा चार दिवस कुरकुर करेल. डुकरं चार पोती धान खातील. खाऊ देत. जिलेबीची पुडी मांडीवर घेऊन बसलेल्या त्या म्हाताऱ्याला त्या घडीला फार हलकं वाटलं.

बसला गर्दी होती. आंबागडच्या फाट्यावर उतरले तेव्हा दिवस कलला होता आणि किल्ल्याची सावली शेतांवर आली होती.

६

मंगलाबाई चुलीपाशी होती. सून पोरीला घेऊन दुपारीच माहेरी, आसगावला गेली होती, घरात दोघंच.

"सुगत?"

"गेला ना बांधीवर. डुकरं दुपारीच दिसली म्हने डोमाभाऊले. मचानावर बसतो म्हनाला."

"बंदूक नेली?"

"नेली. चार भरून नेले त्यानं."

केशवरावांनी जिलेबीची पुडी खाली ठेवली. "कशात भरले?"

मंगलाबाई चुलीपुढून उठली. पदराला हात पुसले. नवऱ्याची चूक त्याच्या तोंडावर सांगायची पाळी आली की बायका घेतात, तसा तिनं वेळ घेतला.

"रागावू नका," ती म्हणाली. "परवा गोठ्यात गेली, त तुमच्या त्या पुंगळ्या खुटीले लटकून होत्या. पोत्यात. मले वाटलं, विसरले असन तुमी. हप्त्याभरापासून तुमचं ध्यानच नाई कुठं. आता तुमाले सांगतलं तर तुमाले वाईट वाटन, का आपल्याकडून असं झालं म्हनून. मंग मीच धुतल्या. चिचेच्या पान्यात, अर्धा तास, तुमी करता तशाच. आज तुमी गेल्यावर ड्रम बी फिरवला. चांगल्या चमकल्या. सुगतनं पाह्यल्या, पास म्हनाला."

तीन दिवस. नाही, सोमवारची संध्याकाळ ते परवा, म्हणजे जेमतेम एक दिवस. केशवराव मनात हिशेब करत होते आणि हिशेब कुठेच पोचत नव्हता. वरून झळाळी, आतून भेग. अशी पुंगळी बंदुकीत फाटली तर बार पुढे जात नाही. मागे येतो. मागे, जिथे नेम धरणाऱ्याचा उजवा डोळा असतो.

"कशी पाह्यली त्यानं?" त्यांनी विचारलं. "कोन्या बाजूनं?"

"मले का समजते त्यातलं?"

ते कामाच्या खोलीकडे धावले. टॉर्च तिथे होता, बांधीपर्यंत जायला उजेड लागणार होता. ड्रमचं झाकण उघडं होतं. भुसा मंगलाबाईनं नीट चाळून सुपात ठेवला होता आणि सुपाच्या कडेला एक पुंगळी बाजूला काढलेली होती. काळी. हिला नीट चमक आली नाही म्हणून तिनं वेगळी ठेवली असणार. दोन रेघांची. बुडात टोपी नव्हती. बुडाचं पितळ एका बाजूला फाटून बाहेर वळलं होतं.

टॉर्च घ्यायचा आणि निघायचं होतं. पुढे कितीदातरी त्यांनी स्वतःला हे विचारलं, की हात पुंगळीकडे का गेला. सवय, दुसरं काय! त्यांनी ती उचलली. ती गार होती. खिडकीतून अजून मावळतीचा उजेड येत होता. त्यांनी तोंडाकडून डोळा लावला.

डोळा पलीकडेच होता. ठिपका बुबुळाच्या कडेला स्पष्ट दिसत होता. आज तो केशवरावांकडे बघत नव्हता. त्यांच्या आरपार, दूर कुठेतरी, एकाच जागी लागला होता. पापणी किंचित आवळली गेली. श्वास रोखलेला माणूस जसा स्थिर होतो, तसा तो डोळा स्थिर झाला.

"सुगत," केशवराव पुंगळीत म्हणाले. आधी हळू. मग ओरडून.

डोळा हलला. त्यानं ऐकलं होतं की नाही, ते कळायला वेळच नव्हता. बांधीकडून बाराचा आवाज आला.

पुंगळी अजून डोळ्याशीच होती. पलीकडे आता काही नव्हतं. फाटलेल्या भोकातून खिडकी दिसत होती, कडुनिंबाची फांदी दिसत होती, स्वच्छ संध्याकाळचा उजेड येत होता.

"एकच झाला," चुलीपासून मंगलाबाई म्हणाली. "लागलं वाटते."

बार झाला की मचाणावरून हाळी द्यायची, हा या गावाचा रिवाज. होओ, अशी एक लांब हाळी. म्हणजे मी बरा आहे. मग शेजारच्या बांधीवरचा देतो, मग त्याच्या पुढचा, आणि घरोघरच्या बाया ती ऐकून भाताखालचा जाळ ओढून घेतात. केशवराव अनवाणी अंगणात आले. डोमाची हाळी आली. तिकडची, तळ्याच्या बाजूची आली. मधल्या बांधीवरून काही आलं नाही. डोमानं पुन्हा हाळी दिली, या वेळी नाव घेऊन. मग तो नुसतं नावच घेत राहिला.

मंगलाबाई हातात पळी घेऊन बाहेर आली. ती अजून घाबरलेली नव्हती. तिनं शेताकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"सुगत हाळी काहून नाई देऊन राह्यला?"

दहा दिवस जे त्यांना कुणाला सांगता आलं नव्हतं, ते सगळं केशवरावांच्या ओठांवर आलं. ते तिच्यासमोर उभे राहिले. पण तिच्या हातांना अजून चिंचेचा वास येत होता, आणि त्या हातांकडे बघून त्यांना याही वेळी काही सांगता आलं नाही.

"पाह्यतो मी," ते म्हणाले, आणि अंधार पडत असलेल्या धानात उतरले.